‘व्हॉलंटिअर’ला मराठीत काय म्हणायचं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळांची पत्रकं, संस्थांचे अर्ज, कॉलेजांचे अहवाल आणि समारंभांच्या निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी आमच्याकडे तपासायला येतात. त्यात एका शब्दावरून सगळ्यात जास्त फोन येतात. ज्या शंका पुन्हा पुन्हा येतात तेवढ्याच इथे घेतल्या आहेत. सोप्या आधी आणि भांडणाच्या नंतर.

१. ‘स्वयंसेवक’ म्हणायचं की सरळ ‘व्हॉलंटिअर’?

दोन्ही मराठीच समजा. छापील मजकुरात ‘स्वयंसेवक’, बोलताना ‘व्हॉलंटिअर’, अशी वाटणी आपोआपच झालेली आहे. कस्तुरचंद पार्कवरच्या कार्यक्रमात पाण्याच्या टेबलामागे उभी असलेली पोरं एकमेकांना ‘व्हॉलंटिअर कुठंयत रे’ अशीच हाक मारणार, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्यांचे ‘स्वयंसेवक’ होणार. यात काही बिघडत नाही.

मुलगी किंवा बाई असेल तर ‘स्वयंसेविका’. मिश्र गटाला ‘स्वयंसेवक’ पुरतं. ‘ती आमची स्वयंसेवक आहे’ हेही आता अनेकजण लिहितात. ते चूक नाही, पण एकाच पत्रकात दोन्ही पद्धती नकोत.

२. बरोबर कसं लिहायचं?

स्वयंसेवक. अनुस्वार ‘य’वर. नागपुरात छापल्या जाणाऱ्या बिल्ल्यांवर सर्रास दिसणारी चूक म्हणजे ‘स्वंयसेवक’. टाइप करताना टिंब एक अक्षर आधी पडतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डोळा शब्द ओळखून पुढे जातो. पाचशे बिल्ले छापून झाल्यावर मग येतं. प्रूफ आलं की आधी हाच शब्द बघा. ‘स्वयंमसेवक’ आणि ‘स्वयम सेवक’ हेही नको. ‘कार्यकर्ता’चं अनेकवचन ‘कार्यकर्ते’. बाईसाठी ‘कार्यकर्ती’, बायकांसाठी ‘कार्यकर्त्या’.

३. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘सेवा करणारा’ असाच आहे का?

नाही, आणि पुढच्या बऱ्याच घोळांचं मूळ तिथेच आहे. लॅटिनमध्ये ‘व्होलुंतास’ म्हणजे इच्छा. इंग्रजीत हा शब्द आधी रुळला तो सैन्यात, सक्ती नसताना आपण होऊन भरती झालेल्या शिपायासाठी. म्हणजे तिकडे भर इच्छेवर आहे आणि आपल्या ‘स्वयंसेवक’मध्ये तो सेवेवर आहे. जिथे इच्छा आहे पण सेवा नाही, तिथे आपला शब्द लंगडा पडतो.

औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या निरोगी माणसाला इंग्रजीत व्हॉलंटिअर म्हणतात. मराठी संमतीपत्रात त्याला ‘स्वयंसेवक’ लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं हा दवाखान्यात रुग्णांची मदत करायला आलाय. तिथे ‘स्वेच्छेने सहभागी झालेली व्यक्ती’ किंवा नुसतं ‘सहभागी’ लिहा. जादूगार प्रेक्षकांतून एकाला स्टेजवर बोलावतो तेव्हा तो मराठीत ‘कोण येतंय पुढे?’ असं विचारतो, ‘मला स्वयंसेवक हवा’ म्हणत नाही.

४. नागपुरात ‘स्वयंसेवक’ म्हटलं की लोक संघाचाच समजतात. आमचा कार्यक्रम तसा नाही. काय करायचं?

हा आमच्याकडे येणारा पहिल्या नंबरचा प्रश्न. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ च्या विजयादशमीला डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनी याच शहरात सुरू केला. शंभर वर्षं एखादा शब्द एका संघटनेच्या नावात राहिला आणि तिचं मुख्यालय आपल्या महाल भागात असलं, की शब्दाला तो वास लागणारच.

पण शब्द त्याआधीचा आहे. १९२० च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं तेव्हा व्यवस्थेला स्वयंसेवकांचं पथक होतं आणि हेडगेवारही त्या व्यवस्थेत होते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघणाऱ्या आणि अटक करून घेणाऱ्या तुकड्या स्वयंसेवकांच्याच होत्या. त्यात देशभरातून आलेले लोक होते. त्यामुळे काँग्रेसवाले आणि शाळा-कॉलेजवाले हा शब्द वापरत असतील तर तो कुणाच्या घरून उसना आणलेला नाही.

आता उपाय. शब्द एकटा सोडू नका, त्याच्या आधी मालक ठेवा: ‘ग्रंथालयाचे स्वयंसेवक’, ‘मॅरेथॉन स्वयंसेवक’, ‘रासेयो (म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना) स्वयंसेवक’. दुसरं म्हणजे ‘म्हणून’ वापरा. ‘देशमुख काका स्वयंसेवक आहेत’ या वाक्याचा नागपुरात एकच अर्थ होतो. ‘देशमुख काका स्वयंसेवक म्हणून आले होते’ याचा तो अर्थ होत नाही. पहिल्या वाक्यात ओळख आहे आणि दुसऱ्यात त्या दिवसाचं काम.

संघाच्या आतल्या बोलीतही हाच भेद आहे. शाखेत जाणारा तो स्वयंसेवक, मग त्याच्याकडे त्या दिवशी काही काम असो-नसो. पूर्णवेळ घर सोडून काम करणारा तो ‘प्रचारक’. आणि बातमी लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: ‘संघाच्या स्वयंसेविका’ असं लिहू नका. स्त्रियांची राष्ट्र सेविका समिती ही वेगळी संघटना आहे, १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी काढलेली. तिच्या सदस्य ‘सेविका’.

५. मग बाकीच्या संघटना आपल्या माणसांना काय म्हणतात?

प्रत्येकीने आपापला शब्द निवडलाय आणि तो बदलून लिहिलेला त्यांना आवडत नाही.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रांगा सांभाळणारे समता सैनिक दलाचे लोक ‘सैनिक’ आहेत. दलाची उभारणी बाबासाहेबांची, तेव्हा इथे ‘स्वयंसेवक’ लिहून पाठवलंत तर दुरुस्त करून परत येईल. राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं, तिथेही ‘सेवा दल सैनिक’. (शिवसैनिक हा पक्षाचा कार्यकर्ता, त्याची गणना यात नको.) तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात ‘गुरुदेव सेवक’. विपश्यना शिबिरात साधकांची जेवणखाण, झोपण्याबसण्याची व्यवस्था बघणारा ‘धम्मसेवक’. तो स्वतः आधी शिबिर केलेला साधक असतो.

शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात जाऊन काही दिवस काम करून येणारे ‘सेवेकरी’. आपल्याकडे ‘बाबांकडे सेवेला गेलेत’ एवढं म्हटलं तरी पुरतं. गुरुद्वाऱ्यात ‘सेवादार’. ताजबागसारख्या दर्ग्यात ‘खिदमत’ (सेवा) हा शब्द ऐकू येतो, पण ‘खादिम’ म्हणजे स्वयंसेवक असं समजू नका. बऱ्याच दर्ग्यांत खादिमपण घराण्यात चालत येतं.

दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी लागलेल्या अन्नाच्या मंडपांना ‘भोजनदान’ म्हणतात. कुणी ‘मोफत अन्नछत्र’ लिहून पाठवलं की आम्ही ते बदलतो. तिथे वाढणाऱ्याने आपल्याला दाता मानलेलं असतं. त्याला ‘वाढपी’ म्हणाल तर भांडण होईल, कारण लग्नातला वाढपी पैसे घेऊन वाढतो.

६. कार्यकर्ता आणि स्वयंसेवक, फरक काय?

स्वयंसेवक कार्यक्रमापुरता, कार्यकर्ता वर्षभराचा. स्वयंसेवकाला वेळापत्रक देतात, कार्यकर्त्याला रात्री अकराला फोन करतात. शिवाय कार्यकर्त्याला बाजू असते, म्हणजे विचार, पक्ष, निदान एक नेता तरी. मराठीत ‘सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता’ ही जातच वेगळी. तिकीट वाटताना ती आठवत नाही आणि सभा संपल्यावर तिच्याशिवाय पान हलत नाही. ‘पदाधिकारी’ मात्र वेगळा, त्याचं नाव पत्रिकेत असतं.

मारबतीच्या मिरवणुकीचं किंवा पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेचं पत्रक असेल तर मंडळाच्या आतल्या माणसांना ‘कार्यकर्ते’ आणि त्या दिवशी बाहेरून मदतीला येणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ लिहा. वाचणाऱ्याला बरोबर कळतं कुणाला काय विचारायचं.

७. ‘सर्पमित्र’, ‘जलमित्र’, ‘पोलीस मित्र’ हे पण स्वयंसेवकच ना?

हो, आणि आमच्या मते मराठीने गेल्या काही वर्षांत घडवलेला हा सगळ्यात जिवंत प्रतिशब्द आहे. पाणी फाउंडेशनच्या कामाला शहरातून श्रमदानासाठी जाणारे ‘जलमित्र’. आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतलेले ‘आपदा मित्र’. पक्षीमित्र, वृक्षमित्र, रुग्णमित्र तर आहेतच. ‘सेवक’मध्ये कुणीतरी वर आणि कुणीतरी खाली असतं, ‘मित्र’मध्ये ते नाही. शिवाय तो शब्द काम सांगतो, संघटना सांगत नाही. प्रश्न ४ ची अडचण इथे येतच नाही.

पण जरा जपून. ‘सर्पमित्र’ म्हटल्याने साप पकडायचा परवाना मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याला न कळवता साप पकडून त्याच्यासोबत फोटो काढणारा अडचणीत येऊ शकतो. ‘पोलीस मित्र’ लिहिलेली पाटी गाडीवर लावली म्हणून सिग्नल तोडता येत नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

‘दूत’ हा वर्तमानपत्री शब्द आहे. स्वच्छतादूत, आरोग्यदूत ठीक. पुराच्या बातमीत सगळ्यांना ‘देवदूत’ करून टाकतात ते टाळा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा शेजाऱ्यांना गच्चीवर ओढून घेणारे शेजारीच होते. ‘शेजाऱ्यांनी वाचवलं’ हे वाक्य जास्त खरं वाटतं.

८. पैसे मिळत असतील तर त्याला स्वयंसेवक म्हणता येईल का?

कोणते पैसे, त्यावर आहे. ऑटोचं भाडं, जेवण, टी-शर्ट म्हणजे खर्चाची भरपाई, त्याने स्वयंसेवकपण जात नाही. पुढची पायरी ‘मानधन’: कामाची किंमत म्हणून नव्हे, तर मान म्हणून दिलेली रक्कम. ‘मोबदला’ म्हणजे केलेल्या कामाचे पैसे. ‘वेतन’ म्हणजे नोकरी. ‘भत्ता’ एखाद्या विशिष्ट खर्चापोटी किंवा कर्तव्यापोटी. ‘विद्यावेतन’ शिकणाऱ्याला. ‘बिदागी’ गायक-कीर्तनकाराला. पत्रकात यांची अदलाबदल करू नका, कारण उद्या कुणी कोर्टात गेलं तर तो कागद पुढे येतो.

आणि इथेच या शब्दाचा सगळ्यात वाईट वापर होतो. ‘आशा’ योजना २००५ ची. तिच्या मूळ इंग्रजी नावात ‘ॲक्टिव्हिस्ट’ आहे, मराठीत उतरताना तिची ‘आशा स्वयंसेविका’ झाली. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, सर्वेक्षण, मोबाइलवर माहिती भरणं अशी ती दिवसभर बांधलेली असते, तिला कामागणिक मोबदला मिळतो आणि कागदावर ती आपण होऊन आलेली असते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरतं. तेव्हा यशवंत स्टेडियमच्या मंडपांत बसलेल्या आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक जे मागतात, त्याचा गाभा हाच असतो: आम्हाला कर्मचारी म्हणा. तिथे शब्द बदलला तर पगार, रजा, निवृत्तीनंतरचे हक्क, सगळं बदलतं.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला की तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यांना मिळतं त्याला ‘मानधन’ म्हटलं तरी ते वेतनाच्या व्याख्येत बसतं. प्रकरण गुजरातचं होतं, पण नागपुरातल्या सेविकांनीही ते लक्षात ठेवलंय. आमचा नियम साधा आहे. ज्याला ‘आज मी येत नाही’ म्हणता येतं तो स्वयंसेवक. ज्याचे त्यासाठी पैसे कापतात किंवा ज्याला नोटीस येते, तो नाही. मग बिल्ल्यावर काहीही लिहिलेलं असो.

९. होमगार्ड, रासेयो, विधी स्वयंसेवक हे कुठे बसतात?

होमगार्ड ‘मानसेवी’ म्हणवले जातात. बंदोबस्ताच्या दिवसांचा कर्तव्य भत्ता मिळतो, कायमची नोकरी नसते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. तिचे विद्यार्थी अधिकृतपणे ‘स्वयंसेवक’ आहेत, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असा हिशेब. अहवालात ‘एनएसएसची मुलं’ लिहू नका, ‘रासेयो स्वयंसेवक’ लिहा. विधी सेवा प्राधिकरणाचे ‘विधी स्वयंसेवक’ हे वकील नसतात, लोकांना वकिलापर्यंत पोचवणारे असतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या बातम्यांत येणारा ‘न्यायालयीन मित्र’ मात्र न्यायालयाला मदत करायला नेमलेला वकील असतो. नाव सारखं वाटलं तरी प्रश्न ७ मधल्या मित्रांशी त्याचं नातं नाही.

१०. स्वेच्छा, ऐच्छिक, स्वैच्छिक, स्वयंस्फूर्त, उत्स्फूर्त: कुठे काय?

‘ऐच्छिक’ म्हणजे घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. ऐच्छिक विषय. शरीरशास्त्रात ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायू. ‘स्वैच्छिक’ म्हणजे स्वतःच्या इच्छेने केलेलं. रक्तदान स्वैच्छिक. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. नातेवाइकासाठी पिशवीच्या बदल्यात पिशवी देणारा ‘बदली रक्तदाता’, तो स्वैच्छिकमध्ये मोजत नाहीत. नोकरी सोडायची ती ‘स्वेच्छानिवृत्ती’. फौजदारी कायद्याच्या मराठीत हाच भाव ‘इच्छापूर्वक’ होतो: ‘इच्छापूर्वक दुखापत’. तिथे ‘स्वयंसेवा’ कुणी लावणार नाही अशी आशा आहे.

‘स्वयंस्फूर्त’ म्हणजे आतून आलेलं, ‘उत्स्फूर्त’ म्हणजे त्या क्षणी उसळलेलं. ‘व्यापाऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने बंद पाळला’ हे वाक्य इतवारीतल्या दुकानदाराला वाचून दाखवा, तो हसेल. आणि ‘स्वैर’ यात कुठेही घालू नका, तो बेलगामपणाचा शब्द आहे.

११. स्वयंसेवी संस्था, सेवाभावी संस्था, एनजीओ, बचत गट?

‘स्वयंसेवी’ हे संस्थेचं विशेषण, माणसाला ‘स्वयंसेवक’. ‘ते स्वयंसेवी आहेत’ असं माणसाबद्दल लिहू नका. एनजीओला सरकारी कागदात ‘अशासकीय संस्था’ म्हणतात. ‘सेवाभावी’ हा गौरवाचा शब्द आहे, तो दुसऱ्याने म्हणावा, आपण आपल्या लेटरहेडवर छापू नये. स्वयंसेवी संस्थेत सगळे बिनपगारी असतात हा गैरसमज. बऱ्याच ठिकाणी पगारी माणसं असतात आणि असायलाच हवीत. ‘स्वयंसहायता गट’ म्हणजे बचत गट. त्यात बायका स्वतःची आणि एकमेकींची सोय करतात. तो स्वयंसेवकांचा गट नव्हे.

१२. खानावळीत ‘स्वयंसेवा’ अशी पाटी असते ती?

ती ‘आपली प्लेट आपण घ्या’ची. तर्री-पोह्याच्या दुकानात लिहायचं असेल तर ‘सेल्फ सर्व्हिस’ लिहा, कुणाचा गोंधळ होणार नाही.

१३. ‘टू व्हॉलंटिअर’ असं क्रियापद मराठीत कसं आणायचं?

‘स्वयंसेवा करणे’ हे अहवालातलं मराठी. बोलताना आपण म्हणतो: पुढे आला, स्वतःहून गेला, आपणहून सांगितलं, काम अंगावर घेतलं, हातभार लावला, पदरमोड करून केलं. ‘न विचारता माहिती दिली’ यातही इंग्रजीत हेच क्रियापद असतं.

एक खड्डा चुकवा: ‘हात वर करणे’. इंग्रजी डोक्यात असलेला माणूस लिहितो, ‘जबाबदारी विचारल्यावर तिघांनी हात वर केले’. मराठीत याचा अर्थ तिघांनीही अंग काढून घेतलं.

‘आम्ही तीन वर्षांपासून सेवा देऊन राहिलो’ असं लिहिलेलं चालेल का, असंही विचारतात. बोलताना बिनधास्त, ती आपली नागपुरी आहे. छापताना ‘देत आहोत’.

१४. श्रमदान आणि स्वयंसेवा एकच का?

श्रमदानात घाम लागतो. बांध घालणं, तळ्यातला गाळ काढणं, गाव झाडणं. या शब्दाला विदर्भात मोठी परंपरा आहे: तुकडोजी महाराजांचं मोझरी, विनोबांचं पवनार, बाबा आमट्यांच्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी. तेव्हा एसी हॉलमध्ये नोंदणीच्या टेबलावर बसण्याला श्रमदान म्हणू नका. शेतकऱ्यांमधली ‘सावड’ किंवा ‘इर्जिक’ ही देवाणघेवाण आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. दान नव्हे.

१५. आणि साहेबांनी ‘सगळ्यांनी स्वेच्छेने यावं, हजेरी घेतली जाईल’ असं परिपत्रक काढलं तर?

त्याला मराठीत वेठ म्हणतात. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. रविवारच्या स्वच्छता मोहिमेवर तो लावायला कुणी जाणार नाही, पण ‘आम्हाला वेठीस धरलं’ हे म्हणायला हरकत नाही. परिपत्रक तपासायला आमच्याकडे आलं तर आम्ही ‘स्वेच्छेने’ तरी काढा किंवा ‘हजेरी’ तरी काढा, असं कळवतो. बहुतेक वेळा ‘स्वेच्छेने’ निघतं.

१६. घरचे म्हणतात, ‘लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतोस’. हा अपमान आहे का?

अर्धा. घरचं खाऊन दुसऱ्याची कामं उपसणाऱ्याला हे ऐकावंच लागतं आणि ऐकवणाऱ्याच्या आवाजात थोडी काळजीही असते. खरा अपमान ‘फुकट फौजदार’. हा काम करत नाही, शिट्टी वाजवतो आणि रांगेतल्या लोकांवर ओरडतो. प्रत्येक मंडळात एक असतोच, त्याला पार्किंगवर ठेवा. ‘पुढे पुढे करणारा’ हा तिसरा प्रकार, तो फोटोच्या वेळी सापडतो.

१७. शेतीच्या लेखात ‘व्हॉलंटिअर कॉटन’ आलंय. स्वयंसेवक कापूस?

नको. मागच्या हंगामातलं सांडलेलं बी न पेरता उगवलं की इंग्रजीत त्या रोपाला असं म्हणतात. मराठीत ‘आपोआप उगवलेली कपाशी’ लिहा. इथे लोक हमखास ‘फरदड’ लिहितात, ते चूक. फरदड म्हणजे वेचणी झाल्यावर तीच जुनी झाडं पाणी देऊन पुढे ठेवणं. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातं ज्याला नको म्हणतं, ती हीच. ‘खोडवा’ उसाचा, तोडणीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटणारा. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शेतकरी वाचक पहिल्या ओळीतच पकडतो.

१८. आमच्या कार्यक्रमाला हिंदी बोलणारेही खूप येतात. बिल्ल्यावर एकच शब्द छापायचाय.

‘स्वयंसेवक’ आणि ‘कार्यकर्ता’ दोन्ही भाषांत तसेच वाचले जातात, त्यामुळे दोन बिल्ल्यांचा खर्च वाचतो. ‘सेवेकरी’ मराठीबाहेर पोचत नाही. प्रश्न ४ मुळे ‘स्वयंसेवक’ नको असेल तर बिल्ल्यावर शब्दाऐवजी काम छापा: ‘पाणी’, ‘नोंदणी’, ‘चप्पल स्टँड’, ‘हरवले-सापडले’. हिंदीवाल्यांनाही यातलं बरंचसं अंदाजाने कळतं आणि गर्दीतल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. अक्षर मोठं घ्या, पिवळ्यावर काळं. आणि प्रूफ पाठवाल तेव्हा प्रश्न २ पुन्हा एकदा बघा.